वरची शीग

काट्यावर दोनशे एकाहत्तर उमटलं आणि माझा श्वास होता तिथेच थांबला. पाकीट उचललं, शून्य येऊ दिलं, पुन्हा ठेवलं. दोनशे एकाहत्तर. कडेवरची जानकी काट्याच्या तांबड्या आकड्यांकडे झेपावत होती. दहा महिन्यांच्या पोरीला त्या तांबड्या रंगात काय गोडी वाटते देव जाणे. तिला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि पुढचं पाकीट ठेवलं. दोनशे सत्तर. त्याच्या पुढचं, दोनशे एकाहत्तर. प्रत्येक पाकिटावर आम्हीच हौसेने छापून घेतलेली हिरवी अक्षरं होती, ‘गावठी कुळथाचं पीठ, निव्वळ वजन २५० ग्रॅम’, आणि रिकाम्या पाकिटाचं वजन काटा आधीच वजा करत होता. म्हणजे प्रत्येकात वीस-एकवीस ग्रॅम जास्त. अशी चारशे पाकिटं, तोंडं मशीनने चिकटवलेली, आमच्या बचत गटाच्या शेडमध्ये भिंतीला लागून खोक्यांत बसली होती, लग्नाला निघालेल्या बायकांसारखी नटून, दाटीवाटीने. पुण्याला जाणारी लक्झरी संध्याकाळी पाच वाजता खाली कट्टा गावाच्या स्टॉपवर थांबणार होती आणि आत्ता बारा वाजून गेले होते.

कमी भरलं असतं तर मी इतकी घाबरले नसते. कमी असेल तर भर घालता येते. फेबी दोनदा समजावून गेली होती. फेबी वेंगुर्ल्याची, पुण्यातल्या ज्या संस्थेने आमच्या गटाला लहानसं अनुदान दिलं, तिचं इकडचं काम ती बघते, स्कूटरवरून जिल्हाभर आमच्यासारखे पाच-सहा गट सांभाळत फिरते. अनुदान दोन हप्त्यांत होतं. पहिल्यातून हा काटा आला, छापील पाकिटं आली, तोंड चिकटवायचं मशीन आलं. दुसऱ्यातून कुळीथ भाजायची भट्टी यायची होती, पण तो हप्ता सुटणार होता नव्या बाजारात पहिला माल पोचून पसंत पडल्यावर. नवा बाजार म्हणजे पुण्यातलं एक दुकान, गावोगावच्या बायकांनी केलेल्या वस्तू विकणारं. “ते कुठलीही दहा पाकिटं काढून वजन करतात. छापलेल्या आकड्यापेक्षा पाच ग्रॅम इकडे किंवा तिकडे गेलं, की सगळा माल परत,” फेबी म्हणाली होती, ऑफिसातल्या मराठीत, हवेत बोटाने रेघ ओढून. भट्टी आली तर गटातल्या आनंदीवैनी आणि बाकीच्या बायका दिवसभर चुलीच्या तोंडाशी डोळे चोळत बसणार नव्हत्या. आणि गट चालला तर मी इथेच राहणार होते. ठाण्याच्या माझ्या कंपनीने महिनाअखेरपर्यंत कळवायला सांगितलं होतं, परत कामावर येणार की नाही. तिकडच्या पाळणाघराचा फोटोसुद्धा मी फोनमध्ये ठेवला होता, निळ्या भिंतींवर बदकं रंगवलेला. तो उघडून बघायचं धैर्य मात्र होत नव्हतं.

सगळीकडे एकच चूक दिसली तर ती माणसाची नसते, यंत्राची असते, हे मी ठाण्याला शिकले. औषधांच्या कंपनीत सहा वर्षं गोळ्यांची वजनं तपासली. काचेच्या पेटीत ठेवलेला काटा, इतका हळवा, की पेटीचं दार उघडं असताना जोरात श्वास सोडला तर आकडा थरथरायचा. म्हणून श्वास धरायचा, गोळी ठेवायची, दार लावायचं, आकडा लिहायचा, मग श्वास. दिवसाला चारशे वेळा. पुढेपुढे ती सवय घरीही आली. जानकी झाली तेव्हा डॉक्टरांनी तिला काट्यावर ठेवलं आणि मी बाळंतिणीच्या खाटेवरून आधी तिचा चेहरा बघायच्या ऐवजी आकडा बघितला, श्वास धरून. दोन किलो शंभर. माझा नवरा धनेश तेव्हा बोटीवर होता, कुठल्याशा बंदरात, आवाज तुटत तुटत यायचा. मी त्याच्या गावी आले, धामापूरच्या तळ्याच्या वरच्या अंगाला, घरात मी, सासरे आणि हे एवढंसं गाठोडं. अंगणवाडीतल्या कार्डावर एक वळणदार रेघ असते आणि प्रत्येक महिन्याला आपल्या मुलाचा ठिपका. जानकीचा ठिपका रेघेच्या खाली. पुढच्या महिन्यातही खाली. मी दूध मनातल्या मनात मोजायची, उजवीकडे इतकं, डावीकडे इतकं, आणि जितकं मोजावं तितकं ते आटत जायचं. खालच्या घरातल्या शेवंतीकाकीला कोणी बोलावलं नव्हतं. ती आपणहून चढण चढून यायची, हातात झाकलेलं पातेलं, आत कुळथाचं कढण, वर तुपाचा डोळा तरंगणारा. वाटीत ओतायची. वाटी भरायची, कढण काठाशी यायचं, मग आणखी एक पळी.

“पुरे काकी.”

“पुरे मी म्हणतलंय, तू नाय.”

आणि खरंच, ती पुरे म्हणायची नाही. वाटीखालच्या ताटलीत सांडलेलंही मला प्यायला लावायची. पाचव्या महिन्यात जानकीचा ठिपका रेघेवर येऊन बसला. तो ठिपका मी किती वेळ बघत राहिले होते. तो कुठून आला याचा विचार मात्र केला नव्हता.

मी दुकानातून आणलेली मिठाची एक किलोची पिशवी काट्यावर ठेवली. काटा बरोबर. तो नवा, अनुदानातला, निष्पाप काटा. म्हणजे यंत्राची चूक नव्हती. “पाकिटं भरली कोणी?” मी विचारलं, आणि आवाज मला वाटला त्यापेक्षा चढा निघाला.

आनंदीवैनी, आमच्या गटाच्या अध्यक्ष, चुलीपुढून उठल्याच नाहीत. “कोणी म्हणजे? शेवंतीकाकीन. तू दोन दिस घराक होतंस नाय, चेडवाक ताप इलो म्हणान? मगे कोण भरतला? सरकार?”

शेवंतीकाकी दारात सूप घेऊन बसली होती. तिने पाखडणं थांबवलं नाही. “मीच भरलंय. एकेक तोलून. बरोब्बर अडीचशे. तूच शिकवलंस नाय, वाटी ठेवूची, बटण दाबूचा, अडीचशे इला की पाकिटात घालूचा?”

“मग हे वरचे एकवीस ग्रॅम कुठून आले काकी?”

“ती वयली मूठ.”

“कसली मूठ?”

आता तिने सूप मांडीवर ठेवलं आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं मी तिला पाणी कुठल्या दिशेला वाहतं असं विचारलं होतं. “शीग गो. मापार शीग नको?”

मशीनपाशी बसलेली कार्मेलिनाबाय पोट धरून हसायला लागली. “सायबा माझ्या! म्हणान ती पाकीटां माझ्या मशीनीत अडाकत होती! मी आपला मशीनीक गाळी घालतंय!”

शेवंतीकाकी चाळीस वर्षं कट्ट्याच्या बाजारात बसली होती, पुढ्यात गोणपाट, गोणपाटावर तांदूळ आणि कुळीथ, हातात लाकडी शेर. शेर भरायचा, आणि भरलेल्या शेरावर हाताने आणखी ओतत डोंगर करायचा, कडांवरून दाणे ओघळेपर्यंत. ती शीग. गिऱ्हाईक पिशवी धरून उभं असतं, आणि ते ओघळणारे दाणे बघून त्याचा चेहरा बदलतो, तो चेहरा बघायला ती बाजारात जायची असं ती सांगते. “सपाट माप दिला, तर तेका वाटता, हिका आपण नको झालंव,” ती म्हणाली. “उद्या येवचो नाय तो.”

“पुण्याक तुझी शीग कोण बघता गो?” आनंदीवैनी आता मात्र उठल्या, पदराला हात पुसत. “थय काटो बघतत, तुझा तोंड नाय बघत. माल परत इलो तर भट्टी गेली. सारिका, काप ती पाकीटां, वयला काढ, आनी चिकटव परत.”

“घातलेला काढूचा नाय,” शेवंतीकाकी म्हणाली. रागाने नाही, साधंच. “मी तरी नाय काढूचंय. तुमका काय करूचा ता करा.” आणि तिने पाठ केली, अंगणाकडे तोंड, सुपाचा आवाज पुन्हा सुरू, सर्र सर्र थप.

मी जानकीला खाली चटईवर बसवलं आणि कात्री घेतली. पाकिटाला वरच्या बाजूला जागा होती. कापून, काढून, थोडं खाली परत चिकटवता येणार होतं. पहिलं पाकीट कापलं आणि वास आला. भाजलेल्या कुळथाचा, किंचित करपलेला, खमंग, त्यात लाकडाच्या धुराची एक पुसट रेघ. हा माझ्या बाळंतपणाचा वास होता. बंद खोलीत, दुपारी, ओल्या केसांनी उशीला टेकून बसलेली मी, मांडीवर ते उंदराएवढं तोंड, आणि दारातून आधी हा वास आणि मागून शेवंतीकाकी. माझा हात थांबला, पण घड्याळ पुढे सरकत होतं. चमच्याने काढलं. दोनशे सत्तेचाळीस. थोडं परत घातलं. दोनशे त्रेपन्न. काढलं. एकोणपन्नास. चिमूट घातली. पन्नास. चिकटवायला बाजूला ठेवलं. दुसरं कापलं. काढलं, घातलं, काढलं. वाटीत काढलेल्या पिठाचा ढीग वाढत होता आणि सुपाचा आवाज माझ्या पाठीवर पडत होता. एकदाही तिने वळून बघितलं नाही, आणि न बघताच ती सगळं बघत होती, प्रत्येक चमचा. अकरा पाकिटं झाली तेव्हा एक वाजून गेला होता. या वेगाने चारशे व्हायला उद्याची रात्र झाली असती, हे मला पहिल्या पाकिटालाच कळलं होतं. कात्री खाली ठेवायला मात्र कोणीतरी परवानगी द्यावी लागते असं वाटत होतं.

ती जानकीने दिली. तिने वाटीत हात घातला होता. मूठ बाहेर आली, बोटांच्या फटींतून पीठ गळत, आणि ती मूठ तिने स्वतःच्या तोंडात न घालता माझ्या तोंडाशी आणली, हल्ली ती सगळं आधी मलाच भरवायला बघते, ओला बिस्कुटाचा तुकडा, चिंचोका, चटईची काडी. मी तोंड उघडलं. पीठ ओठांना, नाकाला, गालाला. कोरडं पीठ टाळूला चिकटलं. तिने दुसरी मूठ भरली. “पुरे ग,” मी म्हटलं, आणि पुरे मी म्हणतलंय, तू नाय, हे कुठूनसं इतकं स्पष्ट ऐकू आलं की मी दाराकडे बघितलं. काकी काहीच बोलली नव्हती. त्या क्षणी माझ्या डोक्यात काहीतरी जागेवर बसलं. मी, सहा वर्षं काट्याशी काढलेली बाई, चमचा घेऊन, आकड्यावर डोळे लावून, चार-चार वेळा काढत-घालत होते. आणि तिने न बघता, गप्पा मारत, कार्मेलिनाबायला शिव्या घालायला मजकूर पुरवत, चारशे मुठी घातल्या होत्या. सत्तर, एकाहत्तर, एकाहत्तर. एवढी सारखी चूक यंत्राचीच असते. हो, यंत्राचीच होती.

“काकी, एक मूठ घाला इथे.”

“कोणासाठी?”

“असंच. बघायला.”

“असाच कोण घालता?”

“जानकीसाठी घाला.”

मग ती उठली. हात पदराला पुसून पिठाच्या डब्यात घातला आणि काट्यावरच्या वाटीत मूठ उघडली. एकवीस. “अजून एक.” एकवीस. “अजून.” वीस. “ह्या बघ, बोलान बोलान हात थरथरता माझो,” ती चिडून म्हणाली आणि पुढची मूठ घातली. एकवीस. कार्मेलिनाबायने छातीवर क्रूस काढला आणि लगेच म्हणाली, “सरा, माका बघूंदेत.” तिची मूठ चौतीस भरली. “ही बाजार बुडयतली!” आनंदीवैनी ओरडल्या. त्यांची स्वतःची बारा निघाली, आणि कार्मेलिनाबायला तेवढंच हवं होतं. “बारा! बघा गो, अध्यक्षीणबाय आमची! हेच्यासाठीच घोव सुकलो तुझो!” आनंदीवैनींचा काटकुळा नवरा डोळ्यांपुढे येऊन आम्ही सगळ्या इतक्या हसलो की चुलीवरचे कुळीथ तडतडायला लागल्याचं कोणाच्या लक्षात आलं नाही. मी जानकीची मूठ काट्यावर झटकली. तीन ग्रॅम.

फेबीला फोन लावला तेव्हा दोन वाजले होते. मी सरळ सगळं सांगितलं. पाकिटं कापणार नाही. तारीख टाकायचे कोरे पांढरे स्टिकर आहेत, त्यावर प्रत्येक पाकिटासाठी हाताने लिहिते: वर एकवीस ग्रॅम शीग, एकूण २७१ ग्रॅम. मग जे छापलंय ते आणि जे आत आहे ते एकच. फेबी रस्त्याच्या कडेला थांबून ऐकत होती. मागे तिच्या स्कूटरचं इंजिन चालू होतं.

“सारिकाताई, पण शीग म्हणजे त्यांना काय कळणार? आणि प्रत्येकात एकवीसच आहे हे नक्की? एकात दहा, एकात तीस निघाले तर?”

“प्रत्येकात.”

“कुठल्या मापाने भरलं?”

“शेवंतीकाकीच्या हाताने.”

इंजिन बंद झालं. मग तिची भाषा बदलली. “माझी आवय सुंगटां विकी मासळीबाजारात,” ती म्हणाली. “वाटो घातल्यार वयर आनीक चार घाली. माका राग येय तेचो. मी म्हणी, कित्याक फुकट घालतंस? हसा नुसती.” मग म्हणाली, “धाड. मी बोलतंय तेंच्याशी. पण सारिकाताई, फसलात तर मी पण फसलंय हां.”

चारशे स्टिकर आम्ही तिघींनी लिहिले. कार्मेलिनाबायचं अक्षर शाळेतल्या मास्तरणीसारखं, आनंदीवैनींचं मुंग्या चालल्यासारखं. शेवंतीकाकीला लिहिता येत नाही. मी कापलेली अकरा पाकिटं तिने समोर ओढली आणि एकेकात तिची मूठ परत घातली, हळू, जसं रुसलेल्या पोराला घरात परत घ्यावं. सव्वाचारला रिक्षा आली. खोकी मागे, एक खोकं माझ्या मांडीवर, त्यावर डोकं टेकून जानकी झोपलेली, आणि तळ्याच्या वळणावर भगवतीचं देऊळ दिसलं तसा माझा हात आपोआप कपाळाकडे गेला. लक्झरी पाच मिनिटं आधीच आली होती. ड्रायव्हरने एक खोकं हातात तोलून बघितलं. “जड आसा गो.” मला त्याचा इतका आनंद झाला की काय सांगू.

नंतरचे आठ दिवस मी कसे काढले ते मला नीट आठवतही नाही. आठवतं ते एवढंच, की दुपारी जानकी झोपली की मी फोनमधला अनुदानाचा जुना अर्ज उघडून बसायची. तो अर्जही मी अशाच दुपारी भरला होता, एका हाताने, दुसरा हात तिच्या तोंडाखाली अडकलेला. त्यात एक प्रश्न होता: आपल्या उत्पादनाचं वेगळेपण काय? मी लिहिलं होतं, पारंपरिक, आरोग्यदायी, रसायनमुक्त. कुठल्यातरी दुसऱ्या पाकिटावरून उतरवलेले शब्द. आता ते वाचताना मला माझीच लाज वाटायची आणि लगेच हसूही यायचं. कोणी मागितलंय म्हणून नाही, पण माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर मी तो प्रश्न पुन्हा लिहिला आणि खाली उत्तर लिहिलं. मग जानकी उठली.

नवव्या दिवशी फेबीचा फोन आला. मी अंगणात कपडे वाळत घालत होते. चिमटा तोंडात तसाच राहिला. “दहा पाकीटां काढल्यानी,” फेबी म्हणाली, मराठी-बिराठी सगळं सोडून. “दहाच्या दहा. सत्तर, एकाहत्तर, एकाहत्तर. ती दुकानवाली माका विचारता, एवढा बरोबर भरूक तुम्ही खंयचा मशीन वापरतास?”

“तू काय सांगितलंस?”

“सांगलंय, जुना आसा. कट्ट्याच्या बाजारातला.”

मग तिने बाकीचं सांगितलं, आणि ते मी शेडकडे पळत जात ऐकलं, एका पायात चप्पल, जानकी कडेवर उसळत. पाकिटं संपत आली होती. एका आजींनी स्टिकर वाचून काउंटरवरच डोळे पुसले म्हणे, कुडाळकडच्या होत्या. पुढच्या महिन्याला आठशे. आणि दुसरा हप्ता मंजूर. आनंदीवैनींनी हे ऐकलं आणि चुलीवरची कढई खाली उतरवून ठेवली, जणू भट्टी दारात येऊनच उभी होती. कार्मेलिनाबायने शेवंतीकाकीचा उजवा हात धरून त्याचा मुका घेतला. “सोड मेले, पीठ लागला तोंडाक,” काकी म्हणाली, पण हात काही लगेच ओढून घेतला नाही. मी ठाण्याला त्याच दुपारी कळवलं, येत नाही म्हणून. मग फोनमधली ती बदकंही पुसून टाकली.

भट्टी आली. नवी पाकिटंही आली, या वेळी स्टिकर नाहीत, सगळं नीट छापलेलं: ‘निव्वळ वजन २७१ ग्रॅम, शिगेसह’. काल सकाळी पहिली शंभर भरून, चिकटवून तयार होती. मी जानकीला कडेवर घेतलं, काटा शून्यावर आणला आणि निर्धास्तपणे पाकीट ठेवलं.

दोनशे ब्याण्णव.

दुसरं ठेवलं. दोनशे ब्याण्णव. मी दाराकडे वळले. शेवंतीकाकी सूप घेऊन बसली होती, अंगणाकडे तोंड, तशीच.

“काकी!”

“काय गो? कमी भरला?”

“काकी, या वेळी शीग धरून छापलंय ना? दोनशे एकाहत्तर.”

“जा छापल्यानी ता घातलंय,” ती म्हणाली, आणि सुपातला एक खडा शोधून बोटाने लांब उडवला. “छापल्यानी तेवढाच दिला, मगे शीग खंय रवली?”

भट्टीपाशी आनंदीवैनींनी कपाळावर हात मारल्याचा आवाज आला आणि कार्मेलिनाबायचं हसू सुरू झालं. पांढऱ्या स्टिकरांची गुंडाळी खिडकीत होती, अर्धी शिल्लक. मी तिच्याकडे हात नेला, पण हसण्याने माझा हात नीट चालेना, श्वास आत राहायलाच तयार नव्हता. तेवढ्यात जानकी कडेवरून वाकली आणि तिने आपला पालथा हात पाकिटावर टेकवला. तांबडे आकडे चढायला लागले, तीनशे, साडेतीनशे, चारशे, आणि ती माझ्याकडे बघून खिदळली. मी तिचा हात काढला नाही.